होम-स्टेची पाटी लिहिताना: इंग्रजीतलं एक आणि अनेक

नवरात्र उरकलं की मालवणजवळच्या आमच्या देवबागात रंगाचे डबे उघडतात. पावसाने पुसून टाकलेल्या पाट्या पुन्हा रंगवायच्या असतात, मेन्यू कार्डं नव्याने छापायची असतात, दिवाळीचे दर फोनवर टाकायचे असतात. त्या दिवसांत संध्याकाळी कोणी ना कोणी हातात कागद घेऊन आमच्या पडवीत येतं. "गे बाय, ह्या इंग्लिश जरा बघ मगे." मी बरीच वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं आणि आता घरच्या चार खोल्या पाहुण्यांना देते, म्हणून हे काम माझ्याकडे आलं. मनापासून करते.

१९९७ साली सिंधुदुर्ग देशातला पहिला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. पुढच्याच जानेवारीत कोकण रेल्वेचा पूर्ण मार्ग खुला झाला. तोवर ज्यांच्या घरी फक्त मुंबईचे चाकरमानी यायचे, त्यांच्या अंगणात हळूहळू बंगळूरचे, कोलकात्याचे, परदेशातलेही पाहुणे बसू लागले. त्यांच्याशी बोलायला आणि लिहायला इंग्रजी लागतं. ते आपल्या माणसांनी हिमतीने उचललं, याचं मला फार कौतुक आहे. हा लेख नव्याने खोल्या सुरू करणाऱ्यांसाठी आहे.

माझ्याकडे येणाऱ्या कागदांवर स्पेलिंगच्या चुका आता कमी असतात, त्या फोनच पकडतो. उरतात त्या एकवचन-अनेकवचनाच्या. ‘लगेजेस’, ‘थ्री डेज पॅकेज’, ‘वन ऑफ द बेस्ट बीच’. इतक्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली: यातल्या बहुतेक चुका मराठीतून येतात. आपण मनात मराठी वाक्य जुळवतो आणि त्यातला ‘अनेक’ जसाच्या तसा इंग्रजीत उतरवतो. काही ठिकाणी तो बरोबर बसतो, काही ठिकाणी नेमका उलटा पडतो. म्हणून नियम पाठ करण्याआधी एक सवय लावून घ्या. इंग्रजी शब्दसमूह लिहिला की शेजारी त्याचं मराठी लिहा आणि दोन्हीकडे एक आहे की अनेक, ते ताडून पाहा.

एका ‘एस’ने काय होतं, असं वाटेल. पहिल्या वर्षी मी एका बुकिंगच्या जाहिरातीत ‘थ्री बेड रूम’ असं लिहिलं होतं. मला म्हणायचं होतं, तीन खाटांची एक खोली. बंगळूरच्या सात जणांच्या कुटुंबाने वाचलं, तीन बेडरूमचं घर. रात्री साडेनऊला कुडाळ स्टेशनवरून गाडी करून ते दारात उतरले, दोन लहान मुलं झोपलेली, एक आजी. माझ्या बाकीच्या तीन खोल्या भरलेल्या. शेजारच्या काकींनी त्यांच्या दोन खोल्या झाडून, चादरी घालून दिल्या म्हणून निभावलं. त्या आजींचा थकलेला चेहरा मला अजून आठवतो. तेव्हापासून जाहिरातीत मी सरळ ‘वन रूम विथ थ्री बेड्स’ लिहिते. तीन खोल्या असतील तर ‘थ्री बेडरूम्स’, बेडरूम एक शब्द आणि शेवटी एस.

पहिली पायरी: वस्तू मोजता येते का ते बघा

इंग्रजीत काही नामं मोजायचीच नसतात. त्यांना एस लागत नाही, आधी ‘अ’ किंवा ‘ॲन’ही लागत नाही आणि क्रियापद एकवचनी असतं. आपल्या कामात सारखी येणारी ही: लगेज, फर्निचर, फुटवेअर, इन्फर्मेशन, ॲडव्हाइस, सीनरी, इक्विपमेंट, सीफूड, ब्रेड, राइस, फीडबॅक.

यातली काही नामं मराठीतही अशीच आहेत, पण आपल्याला त्याचं भान नसतं. ‘सामान आलं’ म्हणतो, ‘सामानं आली’ कोणी म्हणत नाही. माहितीचं ‘माहित्या’ होत नाही. मग ‘लगेजेस’ आणि ‘इन्फर्मेशन्स’ कशाला? इथे कान मराठीकडे दिला की उत्तर मिळतं.

घोळ होतो तो जिथे मराठीत अनेकवचन अगदी रुळलेलं आहे तिथे. सल्ला-सल्ले, म्हणून ‘ॲडव्हाइसेस’. देखावा-देखावे, म्हणून ‘ब्यूटिफुल सीनरीज’. चप्पल-चपला, म्हणून आपल्याकडच्या दर दुसऱ्या दारावर ‘फुटवेअर्स’. पाटीवर ‘प्लीज लीव्ह युअर फुटवेअर हिअर’ पुरतं, शंभर जोड पडलेले असले तरी. एस लावायचाच असेल तर ‘शूज’ किंवा ‘सँडल्स’ लिहा, ते मोजता येतात.

तांदूळ तर आपण कायम अनेकवचनात बोलतो, ‘तांदूळ निवडले, धुतले, उकडे तांदूळ संपले’. इंग्रजीत ‘द राइस इज रेडी’. केसांचंही तसंच, ‘केस गळतात’, पण ‘हर हेअर इज लाँग’. एक मात्र लक्षात ठेवा. पाहुणा ‘देअर इज अ हेअर इन माय सोलकढी’ म्हणाला तर तो अगदी बरोबर बोलतोय. डोक्यावरचे सगळे केस मिळून ‘हेअर’, आणि सुटा सापडलेला एक केस ‘अ हेअर’. असे दोन सापडले तर ‘टू हेअर्स’. वाटी लगेच बदलून द्या.

मोजणं भाग पडलंच तर मोजायला दुसरा शब्द घ्या. ‘टू पीसेस ऑफ लगेज’, किंवा त्याहून सोपं म्हणजे ‘टू बॅग्ज’. ‘अ पीस ऑफ ॲडव्हाइस’, ‘थ्री प्लेट्स ऑफ राइस’, ‘टू बॉटल्स ऑफ कोकम सिरप’. चहा-कॉफीला मात्र सूट आहे. ऑर्डर देताना ‘टू टीज अँड वन कॉफी’ सगळेच म्हणतात, कारण कप मनात धरलेलाच असतो.

ऑक्सफर्ड किंवा केंब्रिजचे शिकणाऱ्यांसाठीचे कोश फोनवर फुकट उघडतात. त्यात नामापुढे ‘सी’ किंवा ‘काउंटेबल’ असेल तर ते मोजता येतं, ‘यू’ किंवा ‘अनकाउंटेबल’ असेल तर येत नाही. काही शब्दांपुढे दोन्ही असतात, हेअरसारखे. ही खूण बघायची सवय लागली तर माझ्यासारखीची गरज उरणार नाही.

दुसरी पायरी: माप पुढे आलं की एस गळतो

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची, कारण आपल्या धंद्याचं सगळं बोलणं मापाचं असतं. किती मिनिटांवर समुद्र, किती दिवसांचं पॅकेज, किती खाटांची खोली.

मराठीत आपण ‘पाच मिनिटांचा रस्ता’, ‘तीन दिवसांची सहल’, ‘दोनशे रुपयांची नोट’, ‘सहा फुटांची खाट’ म्हणतो. मिनिटं, दिवस, रुपये, फूट, सगळं अनेकवचनात. म्हणून हाताला ‘थ्री डेज ट्रिप’ येतं. इंग्रजीत बरोबर ते असं: ‘अ फाइव्ह-मिनिट वॉक’, ‘अ थ्री-डे ट्रिप’, ‘अ टू-हंड्रेड-रुपी नोट’, ‘अ सिक्स-फुट बेड’.

असं का, ते मुलांना शिकवताना मी आंब्यावरून सांगायचे. मराठीत विशेषण नामासारखं बदलतं: चांगला आंबा, चांगले आंबे. इंग्रजीत विशेषण हलत नाही: ‘गुड मँगो’, ‘गुड मँगोज’. ‘गुड्स मँगोज’ होत नाही. आता ‘फाइव्ह-मिनिट वॉक’ बघा. इथे ‘फाइव्ह-मिनिट’ हे वॉकचं विशेषण झालं, वॉक कसा ते सांगायला पुढे बसलं. विशेषणाला अनेकवचन नाही, म्हणून मिनिटचा एस गळला. मधली छोटी आडवी रेघ, हायफन, दोन शब्द बांधून एक विशेषण झालं हे दाखवते. पाटीवर ती रेघ काढायला पेंटरला आवर्जून सांगा.

ओळखायची खूण अशी की मापाच्या पुढे लगेच दुसरं नाम आहे का ते बघायचं. असेल तर एस नाही. माप वाक्यात स्वतंत्र उभं असेल तर एस येतो. ‘द वॉक टेक्स फाइव्ह मिनिट्स.’ ‘द बेड इज सिक्स फीट लाँग.’ मुलीचं वय विचारलं तर ‘शी इज टेन इयर्स ओल्ड’, पण तीच ‘अ टेन-इयर-ओल्ड गर्ल’. मालवणच्या जेटीवरून सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाणाऱ्या होडीबद्दल सांगायचं तर ‘इट्स अ शॉर्ट बोट राइड, अबाउट फिफ्टीन मिनिट्स’ किंवा ‘अ फिफ्टीन-मिनिट बोट राइड’.

इथे एक गोंधळ आहे, तो मोकळा करते. तुम्ही ‘फाइव्ह मिनिट्स वॉक’ असं छापील पुस्तकात पाहिलं असेल, आणि तेही बरोबर असू शकतं. तिथे ‘मिनिट्स’नंतर वरती स्वल्पविरामासारखी खूण असते, ॲपॉस्ट्रॉफी. तिचा अर्थ आपल्या ‘चा’सारखा, पाच मिनिटांचा रस्ता. या पद्धतीत सुरुवातीला ‘अ’ घालत नाहीत. ‘टू इयर्स एक्सपीरियन्स’ असंच, खुणेसह. एकच तास असेल तर खूण एसच्या आधी येते आणि ‘ॲन’ लागतो, ‘ॲन अवर्स ड्राइव्ह फ्रॉम कुडाळ’. कानाला खुणेचा आवाज नाही, त्यामुळे ऐकून ही बरोबर रूपं आणि आपलं चुकीचं रूप सारखीच वाटतात. नव्याने लिहिणाऱ्याने हायफनवालं रूप धरावं. ते एकदा बसलं की चुकत नाही.

हाच नियम जोडशब्दांनाही लागतो. आपण आंब्यांचा हंगाम, माशांचा बाजार, चपलांचं कपाट म्हणतो. इंग्रजीत पहिला शब्द एकटाच राहतो, ‘मँगो सीझन’, ‘फिश मार्केट’, ‘शू रॅक’. अपवाद थोडे आहेत आणि ते आपल्या रोजच्या वापरातले असल्याने पाठ होतात: ‘वॉटर स्पोर्ट्स सेंटर’, ‘सेव्हिंग्ज अकाउंट’, कोकण रेल्वेवरची ‘गुड्स ट्रेन’, ‘कस्टम्स ऑफिसर’. तारकर्लीच्या वाळूत ‘वॉटर स्पोर्ट’ लिहिलेले फलक दिसतात, तिथे एस हवाच.

तिसरी पायरी: पाचशे आणि शेकडो

आंब्याच्या पेटीवर हमखास चुकतं ते ‘टू डझन्स मँगोज’. इथे मराठी तुमच्या बाजूने आहे. आपण ‘दोन डझन आंबे’ म्हणतो, डझन हलत नाही. इंग्रजीतही ‘टू डझन मँगोज’. नेमका आकडा आला की डझन, हंड्रेड, थाउजंड जागचे हलत नाहीत: ‘फाइव्ह डझन’, ‘थ्री हंड्रेड रुपीज’, ‘टेन थाउजंड’. भारतीय इंग्रजीतला लाखही तसाच, ‘टू लाख’.

आकडा नसेल आणि नुसतं ‘शेकडो’, ‘हजारो’ म्हणायचं असेल तेव्हा एस येतो आणि त्यामागे ‘ऑफ’. ‘हंड्रेड्स ऑफ टूरिस्ट्स’, ‘थाउजंड्स ऑफ पीपल’, ‘डझन्स ऑफ बोट्स’. मराठीत ‘शेकडो’ म्हणाल तिथे ‘हंड्रेड्स ऑफ’, ‘पाचशे’ म्हणाल तिथे ‘फाइव्ह हंड्रेड’. एवढी जोडी लक्षात ठेवली की काम झालं.

मँगोचं अनेकवचन लिहिताना शेवटी ‘ओईएस’ की नुसतं ‘ओएस’, असं बरेच जण विचारतात. दोन्ही चालतं, पण एका पेटीवर दोन प्रकार नकोत. हा शब्द दक्षिणेकडच्या ‘मांगा’वरून पोर्तुगिजांच्या तोंडी ‘मांगा’ झाला आणि तिथून इंग्रजीत गेला, म्हणजे आपल्याच किनाऱ्याच्या खालच्या टोकावरून निघालेला शब्द आहे.

दीड हा आणखी एक आपला लाडका सापळा. मराठीत दीड एकवचनी: दीड तास लागतो, दीड रुपया, दीड दिवसाचा गणपती. इंग्रजीत एकाच्या वर जरासं गेलं की अनेकवचन सुरू, ‘वन अँड अ हाफ अवर्स’. एकवचनच हवं असेल तर ‘ॲन अवर अँड अ हाफ’. अर्धा मात्र एकाच्या आत, ‘हाफ अ किलोमीटर’.

पैसे किंवा अंतर एकगठ्ठा म्हणून आलं तर नामाला एस असला तरी क्रियापद एकवचनी घ्या. ‘टू थाउजंड रुपीज इज द ॲडव्हान्स.’ ‘टू नाइट्स इज द मिनिमम स्टे.’

चौथी पायरी: ‘वन ऑफ’, ‘ईच’, ‘एव्हरी’

‘वन ऑफ’नंतर नाम नेहमी अनेकवचनी. ‘त्यांच्यापैकी एक’ म्हणताना ‘त्यां’ अनेक असतात ना, तसंच. ‘वन ऑफ द बेस्ट बीचेस’, ‘वन ऑफ माय ब्रदर्स’. सिंधुदुर्ग किल्ल्याबद्दल पाहुण्यांना सांगताना ‘वन ऑफ द सी फोर्ट्स बिल्ट बाय शिवाजी महाराज’, आणि बांधकाम १६६४ साली सुरू झालं हेही सांगा, लोकांना ऐकायला आवडतं. वाक्याचं क्रियापद मात्र त्या ‘वन’चं, म्हणून एकवचनी: ‘वन ऑफ द रूम्स इज ऑन द फर्स्ट फ्लोअर’.

‘एव्हरी’ आणि ‘ईच’च्या लगेच पुढे येणारं नाम एकवचनी, अगदी आपल्या ‘प्रत्येक खोली’सारखं. ‘एव्हरी रूम हॅज अ फॅन.’ पण ‘ईच ऑफ द रूम्स हॅज अ फॅन’, ‘ऑफ’ आला की रूम्स. ‘ऑल’ म्हणजे सगळ्या, तिथे ‘ऑल रूम्स हॅव’.

आदरार्थी अनेकवचनाबद्दलही इथेच सांगते. आपण ‘बाबा जेटीवर आहेत, ते येतील’ म्हणतो. पाहुण्याला ‘माय फादर इज ॲट द जेटी, दे विल कम’ सांगितलं की तो विचारतो, बरोबर आणखी कोण येणार? इंग्रजीत वडिलांनाही ‘ही’. कानाला उद्धट वाटतं, मलाही सुरुवातीला वाटायचं, पण त्या भाषेत त्यात अनादर नाही.

पाचवी पायरी: ठरून गेलेले शब्दसमूह

काही ठिकाणी तर्क चालत नाही, चालरीत चालते. पाहुण्यांना मेसेज पाठवताना लागणारे असे शब्द बहुतेक अनेकवचनी आहेत: ‘थँक्स’, ‘मेनी थँक्स’, ‘बेस्ट विशेस’, ‘काइंड रिगार्ड्स’, ‘कंग्रॅच्युलेशन्स’, ‘अवर अपॉलॉजीज’, ‘कंडोलन्सेस’. आपलेही ‘आभार मानले’ आणि ‘शुभेच्छा दिल्या’ अनेकवचनी आहेत, तिथे चूक होत नाही. अभिनंदन आपल्याकडे एकच, ‘अभिनंदन केलं’, म्हणून ‘कंग्रॅच्युलेशन’ लिहिलं जातं. तिथे शेवटचा एस विसरू नका.

दुसरीकडे काही शब्दसमूह एकवचनात गोठलेले आहेत. ‘ऑन फुट’, पाय दोन असले तरी. आपलं ‘पायी’ आठवा. ‘बाय बोट’, ‘होडीने’सारखं. ‘इन डिटेल’, ‘इन ॲडव्हान्स’, ‘इन कॅश’. ‘इन डिटेल्स’ आणि ‘इन ॲडव्हान्सेस’ खोडून टाका. डागडुजीच्या पाटीवर दोन रूपं चालतात: ‘अंडर रिपेअर’ बिनएसचं, ‘क्लोज्ड फॉर रिपेअर्स’ एससह. पावसाळ्यात दुसरी पाटी बरी, माणसाला लगेच कळते.

मला सगळ्यात गंमत वाटते ती या तिघांची: ‘मेक फ्रेंड्स’, ‘शेक हँड्स’, ‘चेंज बसेस’. मराठीत ‘मैत्री केली’, ‘हात मिळवला’, ‘गाडी बदलली’, सगळं एक. इंग्रजी म्हणते, मैत्री व्हायला मित्र दोन लागतात, मिळवायला हात दोन लागतात, एका गाडीतून उतरून दुसरीत चढलात म्हणजे गाड्या दोन. म्हणून देवबागचा रस्ता सांगताना ‘चेंज बसेस ॲट मालवण’. रस्ता सांगणं हेही ‘डायरेक्शन्स’, अनेकवचनी. ‘डायरेक्शन’ म्हणजे नुसती दिशा.

जोडीच्या वस्तूंचं असंच आहे. आपला चष्मा एक, कात्री एक, पॅन्ट एक. इंग्रजीत ‘ग्लासेस’, ‘सिझर्स’, ‘ट्राउझर्स’. पाहुणे चष्मा विसरून गेले तर ‘युअर ग्लासेस आर विथ अस, दे आर सेफ’. नग मोजायचे तर ‘अ पेअर ऑफ’, ‘टू पेअर्स ऑफ’. ‘न्यूज’ला शेवटी एस दिसतो पण तो एकवचनी, ‘द न्यूज इज गुड’. ‘पोलीस’ला एस दिसत नाही पण तो अनेकवचनी, ‘द पोलीस आर हिअर’.

एस लावला की अर्थच बदलणारे

हे थोडेच आहेत, पण नियमांच्या कागदावर नेमके हेच येतात.

‘प्रेमिसेस’ म्हणजे आवार. ‘नो स्मोकिंग ऑन द प्रेमिसेस.’ इथून एस काढला तर ‘प्रेमिस’ म्हणजे युक्तिवादातलं गृहीतक होतं. घर एकच असलं तरी आवार ‘प्रेमिसेस’च.

‘डॅमेज’ म्हणजे नुकसान, ‘डॅमेजेस’ म्हणजे कोर्टाने ठरवलेली नुकसानभरपाई. चादरीला डाग पडला तर तो ‘डॅमेज’. ‘गेस्ट्स विल पे फॉर एनी डॅमेज’ एवढंच लिहा, ‘डॅमेजेस’ने उगाच दरारा वाटतो.

‘नो रूम’ म्हणजे जागा नाही, गाडीतसुद्धा. ‘नो रूम्स’ म्हणजे खोल्या शिल्लक नाहीत. ‘कस्टम’ म्हणजे रीत, ‘कस्टम्स’ म्हणजे जकातीचं खातं. गावातल्या गणपतीच्या चालीरीती सांगताना मात्र ‘अवर कस्टम्स’ हे साधं अनेकवचन आहे, संदर्भावरून वाचणाऱ्याला कळतं.

मेन्यू कार्डावर

‘फिश’चं अनेकवचन ‘फिश’. ‘फिशेस’ म्हणजे निरनिराळ्या जातींचे मासे. मत्स्यालयाच्या फलकावर चालेल, ताटात नको. ‘सीफूड’ एक शब्द, एस नाही. कोळंबीच्या आमटीला ‘प्रॉन करी’ म्हणतात, दुसऱ्या पायरीतल्या नियमाने. आपल्या किनाऱ्यावर ‘प्रॉन्स करी’ इतकं रुळलंय की त्यावरून मी कोणाशी वाद घालत नाही. सुटी कोळंबी मात्र ‘प्रॉन्स’च, ‘फ्राइड प्रॉन्स’.

खुद्द इंग्रजी बोलणाऱ्यांनीही एकदा असाच घोळ केला होता. वाटाण्याला जुन्या इंग्रजीत ‘पीझ’ म्हणत, आणि तो शब्द अनेकवचनी नव्हता. शेवटचा आवाज एससारखा ऐकू येतो म्हणून लोकांनी तो अनेकवचन धरला आणि एकासाठी ‘पी’ असा नवाच शब्द काढला. तो आज कोशात आहे. वर्गात मुलं चुकली की मी ही गोष्ट सांगायचे, त्यांची भीती कमी व्हायची.

मराठी पदार्थांच्या नावांना इंग्रजी एस लावावा का? मोजून द्यायचं असेल तर लावावा: ‘टू थाळीज’, ‘फाइव्ह मोदक्स’. सोलकढी पातळ, तिला नको. ‘वडे’ आपल्याकडे आधीच अनेकवचनी आहे, त्यावर पुन्हा एस चढवून ‘वडेज’ करू नका. ‘वडे-सागोती’ तसंच ठेवावं. पाहुण्यांना ते नाव उच्चारायला शिकवण्यातही मजा असते.

शेवटी, पेंटर येण्याआधी

मागच्या महिन्यात शेजारच्या काकींनी पाटीचा मजकूर आणला. त्याच काकी, ज्यांनी त्या रात्री खोल्या उघडून दिल्या होत्या. आम्ही पडवीत बसून एकेक ओळ घेतली.

पहिली ओळ ‘सी व्ह्यू रूम्स अव्हेलेबल’. म्हटलं तर बरोबर, पण रूम आणि एसच्या मध्ये ॲपॉस्ट्रॉफी मारली होती. ही आपल्या किनाऱ्यावरची सगळ्यात जास्त दिसणारी चूक. ती खूण ‘चा-ची-चे’ची आहे, अनेकवचनाची नाही. खूण असली की ‘रूमचा’ असं काहीतरी होतं आणि पुढचा शब्द जुळत नाही. ती काढली.

दुसरी, ‘फाइव्ह मिनिट्स वॉक टू बीच’. काकींना विचारलं, पुढे नाम आहे का? त्या म्हणाल्या, "वॉक आसा मा." मग मिनिटचा एस गेला, हायफन आली, पुढे ‘अ’ आणि बीचआधी ‘द’: ‘अ फाइव्ह-मिनिट वॉक टू द बीच’.

तिसरी, ‘हॉट वॉटर्स ट्वेंटी-फोर अवर’. एस नको तिथे लागलेला, हवा तिथे नाही. पाणी मोजायचं नाही, तास मोजायचे: ‘हॉट वॉटर ट्वेंटी-फोर अवर्स’. हेच उलटं फिरवून ‘ट्वेंटी-फोर-अवर हॉट वॉटर’ केलं तर तास विशेषण होऊन पुढे गेले आणि एस पुन्हा गळला. दोन्ही रूपं कागदावर एकाखाली एक लिहून दाखवली तेव्हा काकी बराच वेळ त्यांच्याकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे ता जागेर अवलंबून."

चौथी, ‘टेस्टी सी फूड्स’. ती त्यांनी स्वतःच खोडली.

पाचवी ओळ चपलांची होती. काकींनी पेन घेतलं, ‘फुटवेअर्स’मधला एस काळजीपूर्वक काट मारून घालवला, आणि कागदाची घडी करून पेंटरला द्यायला गेल्या.